सिगरेट सुटली, गम सुटेना

कर्वे रोडवरच्या आमच्या केमिस्टला मला काही सांगावं लागत नाही. मी काउंटरशी पोचेपर्यंत त्याने सिगरेट सुटावी म्हणून चघळायच्या, दोन मिलिग्रॅमच्या निकोटिन गमची पाकिटं काढून ठेवलेली असतात. परवा ती पुढे सरकवत म्हणाला, "काका, सिगरेट सोडून वर्ष होत आलं ना? मग हे कधी सोडणार?" मागे उभ्या असलेल्या आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी सुटे पैसेसुद्धा न घेता निघालो.

प्रश्न मात्र डोक्यात राहिला. एक व्यसन सोडून मी दुसरं धरलं की काय?

उत्तर वेगात आहे. सिगरेटचा झुरका घेतला की धुरातलं निकोटिन फुप्फुसांतून रक्तात आणि तिथून मेंदूत पोचायला जेमतेम 10 ते 20 सेकंद लागतात. मेंदूत निकोटिनला धरणारे रिसेप्टर असतात. ते जागे झाले की डोपामिन हे बरं वाटायला लावणारं रसायन सुटतं आणि मेंदू नोंद करतो: हे केलं की बरं वाटतं. कृती आणि बक्षीस यांत जितकं कमी अंतर, तितकी ही नोंद पक्की. एका सिगरेटचे दहा झुरके धरले, तर दिवसाला वीस सिगरेटी म्हणजे 200 नोंदी. वीस वर्षं ओढणाऱ्याने हा धडा साडेचौदा लाख वेळा गिरवलेला असतो. इतकी उजळणी आपण पाढ्यांचीही करत नाही.

गममधलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून हळूहळू झिरपतं. रक्तातली त्याची पातळी वर यायला अर्धा तास लागतो, आणि ती सिगरेटच्या पातळीच्या बरीच खाली राहते. म्हणून गमने तलफ बोथट होते, पण 'किक' बसत नाही. लोक वैतागून म्हणतात, "ह्याने काही होत नाही." पण हा मंदपणाच त्याचा गुण आहे. ज्याची किक बसत नाही, त्याची मिठीही सैल असते.

अर्थात गम नीट खाल्ला तर. मी पहिला आठवडा तो साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावला आणि दिवसभर उचक्या देत बसलो. लाळेबरोबर गिळलेलं निकोटिन पोटात जळजळ करतं आणि त्यातलं बरंचसं यकृतातच मोडून जातं, मेंदूपर्यंत पोचतच नाही. गम चार-सहा वेळा चावायचा, जीभ चुरचुरली की गाल आणि हिरडी यांच्या मध्ये सारून गप्प बसायचं. चुरचुर गेली की पुन्हा चावायचा. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तो तोंडात असताना कॉफी, कोल्ड्रिंक बंद, कारण तोंड आम्लधर्मी झालं की निकोटिन गालातून आत शिरत नाही. हे रसायनशास्त्र आपल्याकडे तळहातावर तंबाखू मळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. चुना कशाला लावतात? अल्कधर्मी झाल्यावरच निकोटिन मोकळं होतं. गममध्येही तेवढ्यासाठी क्षार घातलेले असतात.

या गमचा उगमही दाढेखालच्या तंबाखूतच आहे. पाणबुडीत सिगरेट ओढायला मनाई असल्याने स्वीडिश खलाशी तोंडात तंबाखू धरत, हे तिथल्या क्लेस लुंडग्रेन या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. 1967 मध्ये त्याने ते ओव्हे फेर्नो या औषधकंपनीतल्या मित्राला कळवलं. फेर्नो स्वतः पट्टीचा सिगरेट ओढणारा. त्याने घडवलेला गम 1978 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाजारात आला. 2009 पासून अशी निकोटिन-औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. आजींना हे सांगायला हवं होतं.

आता कबुली. मधल्या काळात मी एकदा घसरलो.

जुलैतली संध्याकाळ, डेक्कनला धो धो पाऊस, टपरीच्या प्लॅस्टिकखाली आम्ही पाच-सहा जण दाटीवाटीने उभे. कॉलेजातला मित्र भेटला. "अरे, एकानं काय होतंय रे, घे." घेतली. चव भिकार लागली, डोकं गरगरलं, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मी अख्खं पाकीट विकत आणलं. का? तर मोडलंच आहे, मग आता काय! एकादशीला चुकून बिस्कीट तोंडात गेलं, की संध्याकाळी मिसळ चापायला मोकळे, तसं.

अ‍ॅलन मार्लाट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने नेमकी हीच गोष्ट मांडली होती. एकदा घसरणं वेगळं आणि पुन्हा व्यसनात जाऊन पडणं वेगळं. दोन्हींच्या मधल्या अंतरात निकोटिनइतकंच काम करते ती शरम: 'आपल्याला जमणारच नाही'. एका सिगरेटने मेंदूतले बहुतेक निकोटिन रिसेप्टर काही तास व्यापले जातात हे खरं, आणि एका सिगरेटवरून पाकिटावर गेलेले पुष्कळ असतात हेही खरं. पण वर्षानुवर्षं ओढून वाढलेले रिसेप्टर सोडल्यानंतर सहा ते बारा आठवड्यांत नेहमीच्या संख्येवर येतात. मी तर महिनोन्‌महिने काढले होते. ती सगळी कमाई एका पावसाळी संध्याकाळी बुडाली, हा हिशेब माझा होता, मेंदूचा नव्हे. डॉक्टरांनी पाकीट तिथेच केराच्या डब्यात टाकायला लावलं आणि गम चालू ठेवायला सांगितला. वर पॅचही, म्हणजे त्वचेतून निकोटिन सोडणारी चिकटपट्टीही दिली, कारण पॅच आणि गम मिळून एकट्या गमपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

त्यांनीच चहाचं विचारलं. धुरातल्या काही घटकांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोमात असतं आणि कॅफिन झटपट मोडतं. धूर बंद झाला की काही दिवसांत ते मंदावतं आणि तेवढ्याच चहाने कॅफिन अंगात जास्त साठतं. गमने यात फरक पडत नाही, कारण हे काम निकोटिनचं नाही. म्हणजे धडधड, चिडचिड, उडालेली झोप, ज्याचं खापर मी सिगरेट सोडण्यावर फोडत होतो, त्यात दिवसाच्या सहा अमृततुल्य चहांचाही वाटा होता. पुणेकराला हे पचवणं अवघड आहे. आता तीन घेतो.

राहिला केमिस्टचा प्रश्न. गम साधारण तीन महिन्यांसाठी असतो, आणि काही जण माझ्यासारखे रेंगाळतात. निकोटिन निरुपद्रवी नाही. ते नाडी वाढवतं, आणि गरोदर बाईने किंवा हृदयविकार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पण कॅन्सर होतो तो मुख्यतः धुरातल्या विषांनी, आणि गममध्ये ना डांबर ना कार्बन मोनॉक्साइड. अमेरिका-कॅनडात हजारो लोकांवर पाच वर्षं चाललेल्या अभ्यासात गम खाणाऱ्यांना हृदयविकारामुळे रुग्णालयात जास्त जावं लागल्याचं दिसलं नाही. "गम सोडायच्या घाईत सिगरेट धरू नका," एवढंच डॉक्टर म्हणाले.

त्यामुळे घाई नाही. दर आठवड्याला दिवसाचा एक गम कमी करतोय. दहावरून चारवर आलोय. सकाळचा सुटला, ऑफिसातला सुटला. रात्री जेवणानंतरचा हटून बसलाय. त्याच्या जागी परवापासून लवंग दाढेखाली धरतो. तीही तशीच चुरचुरते, आणि जीभ दोन-चार मिनिटं फसते. बायको म्हणते, आता लवंगा किती लागतात ते केमिस्टला नको, वाण्याला विचार.