खळीचा सेन्सर ब्लेडने खरवडू नका
(आमच्या सायझिंगवाल्या, म्हणजे विणण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावणाऱ्या, ग्राहकांसाठी)

"खळ चांगली घट्ट आहे, पण मशीन पातळ दाखवतंय," असा फोन आला की आम्ही आधी एकच विचारतो, पिस्टन कशाने साफ केला?

खळीचा घट्टपणा मोजणाऱ्या सेन्सरच्या कपात एक छोटा पिस्टन असतो. भोवतीच्या दोन कॉइल चुंबकाच्या जोरावर त्याला आळीपाळीने खालीवर ओढतात. तो कुठे पोहोचला हे कॉइलमधल्या विद्युत बदलावरून कळते. खळ जितकी घट्ट, तितका त्याला वेळ जास्त. त्या वेळेवरून मशीन सेंटिपॉइज, म्हणजे घट्टपणाचा आकडा, काढते. म्हणजे सगळा हिशेब पिस्टन आणि कपामधल्या बारीक फटीवर.

गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून एक पिस्टन आला. ट्यूबलाइटखाली फिरवून पाहिला, तर ब्लेडच्या सात-आठ उभ्या रेघा, नख अडकेल इतक्या खोल. अशा रेघांतून खळ निसटते, पिस्टन लवकर पोहोचतो आणि आकडा खाली येतो. मग कामगार बिचारा आणखी स्टार्च घालतो. सूत कडक होते, मागावर खळ झडते, ताणा तुटतो.

स्टार्चची खळ थंड झाली की गोठते आणि वाळली की शिंगासारखी कडक होते. म्हणून साइज बॉक्स (खळीची टाकी) रिकामा झाल्याबरोबर सेन्सरमधून गरम पाणी सोडा, चहाला जाण्याआधी. तरीही वाळलीच, तर डिसायझिंगचे (कापडातली खळ काढण्याचे) एन्झाइम कोमट पाण्यात घालून पिस्टन भिजत ठेवा. स्टार्च आपोआप सुटतो. नंतर मऊ सुती कापडाने पुसा. पिस्टनला गंजाचे कण चिकटतात, तेही त्यातच निघतील. कण राहिले तर पिस्टन अडखळतो आणि आकडा उगाच वर जातो.

भोकाच्या कपातून खळ गळायला लागणारा वेळ स्टॉपवॉचवर मोजतात, ते सेकंद आमच्या सेन्सरच्या आकड्याशी ताडून पाहू नका. स्टार्चची खळ जितक्या जोराने ढवळाल तितकी पातळ वागते, शिवाय त्या भोकाच्या कपात ती निवतेही.

"नुसता पिस्टन द्या, स्वस्तात पडेल," असे बरेच जण म्हणतात. आम्ही देत नाही. पिस्टन आणि सेन्सरचा कप जोडीनेच प्रमाणित (घट्टपणा आधीच माहीत असलेल्या) तेलावर तपासलेले असतात. एक बदलला की जुने कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर यावा म्हणून केलेली जुळणी, गेले. चुकीचा आकडा दाखवणारे मशीन तुमच्या हाती देणे आम्हाला पटत नाही.

दिवाळीच्या सुटीत कारखाना बंद असतो, तेव्हा सेन्सर आणून द्या. तपासून, कॅलिब्रेट करून देऊ. दोन पाळ्या चालवत असाल तर तपासलेली एक जादा जोडी कपाटात ठेवा, म्हणजे मशीन थांबणार नाही.