मेडिकल दुकानाचा परवाना: पात्रता, कागदपत्रं, तपासणी आणि बिलाचे पैसे

मेडिकल टाकायचं ठरलं की बहुतेक जण आधी गाळा बघतात, डिपॉझिट भरतात, फर्निचरवाल्याला बोलावतात आणि मग फार्मासिस्ट शोधायला लागतात. क्रम नेमका उलटा हवा. महाराष्ट्रात किरकोळ औषधविक्रीचा परवाना मिळतो तो फार्मासिस्टच्या भरवशावर आणि टिकतोही त्याच्याच भरवशावर. म्हणून आधी माणूस, मग जागा, मग अर्ज.

औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायदा, १९४० च्या कलम १८(क) नुसार परवान्याशिवाय औषध विकता येत नाही. विकलं तर किमान तीन वर्षं कैद आणि किमान एक लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांतला जो जास्त तो दंड आहे. त्यामुळे 'अर्ज केलाय, परवाना येईलच, तोवर काउंटर सुरू करू' हा विचारही नको. कायदा केंद्राचा असला तरी परवाना राज्य देतं. आपल्याकडे हे काम अन्न व औषध प्रशासनाचं, म्हणजे एफडीएचं, आणि जिल्ह्यात परवाना प्राधिकारी असतात सहायक आयुक्त (औषधे). गोव्यात तिथलं वेगळं अन्न व औषध प्रशासन संचालनालय आहे. नियम मात्र दोन्हीकडे याच कायद्याखालचे, १९४५ चे.

अर्ज कोण करू शकतं

मालक स्वतः फार्मासिस्ट असलाच पाहिजे असं नाही. शेतकरी, शिक्षिका, निवृत्त कर्मचारी, भागीदारी संस्था, कंपनी, कुणीही अर्ज करू शकतं. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे, असं नियम ६५ सांगतो. मालक फार्मासिस्ट नसेल तर पगारी फार्मासिस्ट नेमावा लागतो आणि दुकान उघडं असेल तेवढा वेळ तो हजर लागतो. सकाळी नऊ ते रात्री दहा दुकान चालवायचं असेल तर एका माणसावर ते निभत नाही. दुसरा फार्मासिस्ट धरूनच खर्चाचा हिशोब मांडा.

फार्मासिस्ट म्हणजे डी.फार्म. किंवा बी.फार्म. झालेला आणि महाराष्ट्र राज्य औषध व्यवसाय परिषदेकडे नाव नोंदलेला माणूस. नुसती पदविका चालत नाही, नोंदणी लागते आणि ती चालू स्थितीत लागते. नूतनीकरण राहून गेलेलं प्रमाणपत्र जोडल्यामुळे अर्ज अडकतो. शेजारच्या राज्यात नोंदणी असेल तर आधी ती महाराष्ट्रात आणून घ्यावी. डी.फार्म.नंतरच्या निर्गम परीक्षेचे (एक्झिट एक्झामचे) नियम २०२२ साली आले आहेत. नव्याने पास झालेल्याला नेमत असाल तर त्याच्या तुकडीला ती परीक्षा लागू आहे का, हे परिषदेकडून आधीच विचारून घ्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गावोगाव 'सर्टिफिकेट लावून देतो' म्हणणारी माणसं भेटतात. कागद दुकानात टांगलेला, माणूस दुसऱ्या शहरात नोकरीला, आणि काउंटरवर बारावी झालेला मुलगा इन्सुलिन देतोय, हे चित्र नवीन नाही. महेश झगडे एफडीएचे आयुक्त असताना राज्यभर फार्मासिस्टच्या हजेरीवर कडक तपासण्या झाल्या, औषध विक्रेत्यांनी बंदही पाळले, आणि त्या वादातून सगळ्यांना कळलं की हा नियम कागदावरचा नाही. फार्मासिस्ट गैरहजर सापडला तर परवाना निलंबित होतो, प्रसंगी रद्द होतो, आणि ज्याने कागद भाड्याने दिला त्याची नोंदणीही धोक्यात येते. पण मला त्याहून मोठी बाब वाटते ती पेशंटची. मिलिग्रॅमचा आकडा चुकीचा वाचला गेला तर ते कुणाच्या तरी आईवर बेततं. महिन्याला काही हजार वाचवायला हा रस्ता धरू नका.

जागा

किरकोळ दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट. घाऊक विक्रीलाही तेवढीच, आणि किरकोळ व घाऊक एकाच जागेत करायचं असेल तर १५ चौरस मीटर. हे माप आतलं, वापरायचं आहे. गाळा १२० फुटांचा म्हणून घेतला आणि आत पोटमाळ्याचा जिना किंवा स्वच्छतागृह निघालं तर माप भरत नाही. करार करण्याआधी स्वतः टेप लावा.

गाळा व्यावसायिक वापराचा असावा. राहत्या घराच्या हॉलमध्ये काउंटर टाकून परवाना मागितला की प्रश्न सुरू होतात. भाडेकरार नोंदणीकृत असला आणि त्यात जागेचं माप, पत्ता व 'औषध दुकानासाठी' हा उद्देश लिहिलेला असला की पुढचं बरंच सोपं जातं.

कुठला परवाना मागायचा

साध्या मेडिकलला नमुना २० आणि नमुना २१ असे दोन परवाने एकत्र घ्यावे लागतात. २० मध्ये नेहमीची औषधं येतात, २१ मध्ये अनुसूची 'सी' आणि 'सी-१' मधली, म्हणजे लसी, इन्सुलिन, इंजेक्शनची अँटिबायोटिक्स वगैरे. दोन्हींसाठी अर्ज एकच, नमुना १९. केटामिनसारखी अनुसूची 'एक्स' मधली औषधं ठेवायची असतील तर नमुना २०-एफ वेगळा लागतो. नव्या दुकानाने सुरुवातीला त्या वाटेला न गेलेलं बरं, कारण त्या चिठ्ठीची प्रत दोन वर्षं जपावी लागते आणि साठा कुलपात ठेवावा लागतो.

फार्मासिस्टशिवाय मिळणारे मर्यादित परवानेही आहेत, नमुना २०-ए आणि २१-ए. चिठ्ठी न लागणारी औषधं विकणाऱ्या दुकानासाठी ते असतात. त्यावर 'केमिस्ट' किंवा 'फार्मसी' अशी पाटी लावता येत नाही.

अर्ज आणि कागद

अर्ज ऑनलाइनच होतो. देशभर औषध परवान्यांसाठी एकच व्यवस्था असावी म्हणून ओएनडीएलएस हे पोर्टल सी-डॅकने तयार केलं आहे. लॉगिन स्वतःच्या मोबाइल नंबरवर आणि स्वतःच्या ईमेलवर काढा. एजंटाच्या नंबरवर खातं उघडलं तर त्रुटीचा मेसेज त्याच्याकडे जातो आणि तुम्ही वाट बघत बसता. वर्षभराने फार्मासिस्ट बदलायचा झाला तरी ओटीपी मागायला त्याच्याच दारात.

फी नमुना २० साठी १५०० आणि २१ साठी १५००, मिळून ३००० रुपये, चलनाने शासनाकडे जमा होते. त्यापुढे जे काही पैसे सांगितले जातात ते परवान्याची फी नव्हे.

कागदांचे तीन गठ्ठे करा. पहिला जागेचा: भाडेकरार किंवा मालकीचा दाखला (शहरात प्रॉपर्टी कार्ड किंवा इंडेक्स टू, गावात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा), घरपट्टीची पावती, वीजबिल आणि मापांसह नकाशा. दुसरा मालकाचा: आधार, पॅन, फोटो, भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, कंपनी असेल तर तिची नोंदणी, संचालकांची यादी आणि कुणाला अधिकार दिला त्याचा ठराव. तिसरा फार्मासिस्टचा, आणि सर्वांत जास्त त्रुटी यातच निघतात: परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र आणि चालू नूतनीकरण, शिक्षणाची प्रमाणपत्रं, नेमणूकपत्र, त्याचं संमतीपत्र, आणि दुसरीकडे कुठे काम करत नाही असं प्रतिज्ञापत्र. तो आधी दुसऱ्या दुकानात असेल तर तिथला राजीनामा नुसता देऊन भागत नाही. त्या दुकानाच्या परवान्यावरून त्याचं नाव निघालेलं असावं लागतं, नाहीतर एकच माणूस दोन दुकानांत दिसतो आणि तुमचा अर्ज थांबतो. याशिवाय फ्रिजच्या खरेदीचं बिल जोडावं लागतं. जिल्ह्यागणिक एखादा कागद कमीजास्त होतो, म्हणून कार्यालयातून यादी घेऊन मगच अपलोड करायला बसा.

सगळ्या कागदांवर नाव आणि पत्ता अक्षरशः सारखा असू द्या. करारात 'गाळा क्र. ३', वीजबिलात 'शॉप नं. ३-ए' आणि नकाशात नुसतंच 'दुकान' असं असेल तर त्रुटी लागणारच.

केमिस्ट संघटनेची एनओसी कायद्यात कुठेही लागत नाही. माल देण्यासाठी स्टॉकिस्टने, म्हणजे कंपनीचा माल दुकानांना पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याने, ती मागू नये, अशी भूमिका भारतीय स्पर्धा आयोगाने घेतली आहे. याच प्रथेच्या तक्रारीवरून २०१३ साली औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेला आयोगाने दंडही केला होता. संघटनेचं सभासद व्हा, उपयोग होतो. पण एनओसीसाठी कुणी अडवत असेल तर तो तुमचा दोष नव्हे.

तपासणी

कागद मार्गी लागले की औषध निरीक्षक जागा बघायला येतात. तोवर रॅक, काउंटर, फ्रिज आणि पाटी तयार हवी. माल नको, माल परवान्यानंतरच. निरीक्षक टेप लावून नकाशातली मापं ताडतात. फ्रिज नुसता असून चालत नाही, चालू हवा आणि आत थर्मामीटर हवा, कारण इन्सुलिन आणि लसी २ ते ८ अंशांतच राहिल्या पाहिजेत. त्या फ्रिजमध्ये डबा आणि पाण्याच्या बाटल्या ठेवू नका. मुदत संपलेल्या मालासाठी वेगळा खोका आणि त्यावर 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी आधीपासून लावून ठेवा. फार्मासिस्ट त्या दिवशी हजर हवाच, आणि अनुसूची एच-१ चं रजिस्टर कसं भरायचं असं विचारलं तर त्याला सांगता आलं पाहिजे. मार्च २०१४ पासून एच-१ मधल्या औषधांची, म्हणजे वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स, क्षयरोगाची औषधं आणि काही गुंगीची औषधं यांची, वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षं जपावी लागते. डॉक्टर, पेशंट, औषध आणि नग, चारही रकाने भरलेले हवेत.

अर्ज नाकारला तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. अर्जावर निर्णयच होत नसेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ चा आधार घ्या. सेवेची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचं नाव कार्यालयातल्या फलकावर असतं.

परवाना मिळाला की तो दर्शनी भागात लावायचा. २०१७ च्या दुरुस्तीनंतर तो कायम चालतो, पण दर पाच वर्षांनी धारणा फी, म्हणजे परवाना चालू ठेवण्याची फी, भरावी लागते. चुकली तर दरमहा दोन टक्के विलंब फीसह सहा महिने सवलत, त्यानंतर परवाना रद्द झाला असं धरलं जातं. फार्मासिस्ट बदलला तर एका महिन्याच्या आत कळवायचं. मालकीत बदल झाला, भागीदार वारला किंवा निघाला, तर जुना परवाना जास्तीत जास्त तीन महिने चालतो, तेवढ्यात नवा काढावा लागतो. वडिलांच्या नावाचं दुकान मुलगा तसंच चालवत राहतो आणि इथेच फसतो.

वीसपेक्षा कमी कामगार असतील तर २०१७ च्या दुकाने कायद्याखाली नुसती ऑनलाइन सूचना पुरते. वर्षाची उलाढाल ४० लाखांपुढे गेली की जीएसटी नोंदणी आली.

पैसे कुठून आणि किती

औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ मध्ये अनुसूचित औषधांची, म्हणजे सरकार ज्यांची किंमत बांधून देतं त्यांची, कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के मार्जिन धरलेलं आहे. हे सोळा टक्के खरेदी किमतीवरचे आहेत. समजा गोळ्यांची पट्टी विक्रेत्याला ५० रुपयांना पडली. त्यावर ८ रुपये मार्जिन धरून ५८, आणि ५ टक्के जीएसटी धरून एमआरपी ६० रुपये ९० पैसे. ५८ वर ८ म्हणजे पावणेचौदा टक्क्यांच्या आसपास. त्यातून भाडं, दोन फार्मासिस्टचे पगार, वीज, मुदत संपलेला माल आणि उधारी निघायची. अनुसूचित नसलेल्या औषधांवर व्यापारात २० टक्के मार्जिनची प्रथा आहे, तिथे जरा मोकळा श्वास घेता येतो. समोरच्या दुकानाने 'सर्व औषधांवर २० टक्के सूट' अशी पाटी लावली म्हणून तुम्हीही लावण्याआधी हा हिशोब कागदावर करा. एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही, पट्टी कापून दिली तर दरही त्याच प्रमाणात लावावा लागतो, आणि दरपत्रक ग्राहकाला दिसेल असं ठेवावं लागतं.

विमा कंपनीने किंवा सरकारने मेडिकलवाल्याला थेट पैसे द्यावेत अशी पद्धत आपल्याकडे सहसा नाही. ग्राहक पैसे देतो आणि मग स्वतः प्रतिपूर्ती मागतो. राज्य कर्मचाऱ्यांसाठी १९६१ चे वैद्यकीय देखभाल नियम आहेत, आणि त्या फायलीत तुमचं बिल लागतं. त्यावर बिल क्रमांक, तारीख, पेशंट आणि डॉक्टरचं नाव, औषध, नग, कंपनी, बॅच, मुदत, परवाना क्रमांक आणि फार्मासिस्टची सही असू द्या. 'औषधे, रु. २४००' असं एका ओळीत लिहिलेलं बिल परत येतं, आणि निवृत्त माणसाला त्यासाठी पुन्हा तुमच्या दारात यावं लागतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत औषधं रुग्णालयाच्या पॅकेजमध्येच धरलेली असतात, त्यामुळे त्यातून बाहेरच्या दुकानाला काही येत नाही.

थेट सरकारकडून पैसे मिळण्याचा एक मार्ग म्हणजे सीजीएचएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कर्मचारी-निवृत्तांसाठीच्या आरोग्य योजनेचा, अधिकृत स्थानिक औषध विक्रेता होणं. मुंबई, पुणे आणि नागपुरात सीजीएचएसची केंद्रं आहेत. निविदा भरून, एमआरपीवर सवलत देऊन हे काम घ्यावं लागतं. बिल मंजूर होऊन पैसे खात्यात येईपर्यंत तुमचं भांडवल अडकतं, स्टॉकिस्ट मात्र आपल्या तारखेला येतो. हाताशी काही महिन्यांचं खेळतं भांडवल नसेल तर नव्या दुकानाने यात पडू नये.

दुसरा मार्ग जनऔषधी केंद्राचा, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या केंद्र सरकारी योजनेतल्या दुकानाचा. किमान १२० चौरस फूट जागा आणि फार्मासिस्ट असेल तर ही योजना चालवणाऱ्या पीएमबीआय या संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. अर्जाची फी ५००० रुपये आहे आणि महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमाती वगैरेंना ती माफ आहे. आधी तिथली प्राथमिक मंजुरी घ्यायची, मग त्या केंद्राच्या नावाने वर सांगितलेला परवाना काढायचा. एमआरपीवर कर वगळून २० टक्के मार्जिन मिळतं. ठरवून दिलेली २०० औषधं साठ्यात ठेवली तर महिन्याच्या खरेदीवर २० टक्के, जास्तीत जास्त २०,००० रुपये, प्रोत्साहन मिळतं. बाहेरच्या कंपन्यांची औषधं मात्र तिथे ठेवता येत नाहीत. महिला, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार आणि आकांक्षित (केंद्राने विकासासाठी निवडलेल्या मागास) जिल्ह्यांतली केंद्रं यांच्यासाठी फर्निचर व संगणकापोटी एकदाच दोन लाखांपर्यंत वेगळं साहाय्य आहे. आपल्याकडे हे जिल्हे चार: नंदुरबार, वाशीम, धाराशिव आणि गडचिरोली. तिथल्या कुणा डी.फार्म. झालेल्या मुलीने अर्ज केला तर मालक आणि फार्मासिस्ट ती एकटीच असते, दुसऱ्याच्या पगाराचं ओझं सुरुवातीला राहत नाही. दुकानाची वेळ तेवढी तिला स्वतःला हजर राहता येईल अशी ठेवायची.