हार्ड डिस्कला 'हार्ड' कधीपासून म्हणू लागले?

१९५६ साली आयबीएमने संगणकाला जोडायचं '३५०' नावाचं साठवणयंत्र आणलं. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सगळ्या मिळून जेमतेम ५० लाख अक्षरं मावत. चकती कडक असूनही तिला कोणी 'हार्ड' म्हणत नसे, नुसतीच 'डिस्क'. १९७१ मध्ये आठ इंची, लवचीक प्लास्टिकची चकती आली. धरली की लवलवणारी, म्हणून ती फ्लॉपी. मग जुनीला वेगळं ओळखायला 'हार्ड' हे विशेषण चिकटलं. थोरलीचं नाव धाकटीमुळे पडलं म्हणायचं.

म्हापसा-फोंड्याच्या डीटीपीवाल्यांनी जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं आणि लग्नपत्रिका ज्यात साठवल्या ती फ्लॉपी मात्र बहुतेक साडेतीन इंची. कवच टणक, हलवली तरी लवायची नाही, पण आत तीच पातळ चकती असल्याने नाव टिकलं. 'सी ड्राइव्ह'ही त्याच काळातला. 'ए' आणि 'बी' ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली, त्यामुळे हार्ड डिस्क तिसरी. फ्लॉपी गेली, तरी गणती 'सी'पासूनच.

डिस्क मूळ ग्रीक 'डिस्कोस', म्हणजे फेकायची थाळी. तिथून लॅटिनमार्गे युरोपभर. पोर्तुगीजमध्ये तिचं 'डिस्को' झालं, आणि गाण्याची तबकडीही 'डिस्को'च. पणजीतल्या लिसेंवात, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलात, शिकलेल्यांना हा शब्द संगणकाच्या आधीपासून ठाऊक. इंग्रजीत हार्ड डिस्कचं स्पेलिंग 'के'ने, तर १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कचं 'सी'ने. देवनागरीत ही कटकटच नाही.

सगळ्यात मजेशीर नाव विंचेस्टर. १९७३ च्या आयबीएम ३३४० या हार्ड डिस्कचा मूळ बेत ३० मेगाबाइटच्या दोन भागांचा होता. '३०-३०' म्हटल्यावर प्रकल्पप्रमुख केनेथ हॉटन यांना त्याच नावाच्या काडतुसाची विंचेस्टर रायफल आठवली. पुढे क्षमता बदलली, पण नाव बरीच वर्षं सगळ्याच हार्ड डिस्कना लागलं.

'फ्लॅश मेमरी' हे नाव तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांच्या चमूतलं. साठवलेलं एका झटक्यात पुसलं जाई, त्यावरून एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश सुचला. आपला पेन ड्राइव्ह याच जातीचा. 'ड्राइव्ह' म्हणजे खरं तर चकती फिरवणारं यंत्र, पण पेन ड्राइव्हमध्ये फिरणारं काहीच नाही.