जबाबदारी सिस्टरची, अधिकार कोणाचा? नर्सिंगमधल्या बदलांची पार्श्वभूमी

नाशिकच्या म्हसरूळमधलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली स्थापन झालं आणि राज्यातल्या नर्सिंगच्या पदव्या एका छत्राखाली आल्या. कॉलेज लातूरचं असो की रत्नागिरीचं, पदवीची प्रश्नपत्रिका नाशिकची. त्या अभ्यासक्रमात व्यवस्थापन हा विषय आहे आणि त्यात बदल घडवण्याचे मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांचे तीन टप्पे हमखास येतात: अनफ्रीझ, चेंज, रीफ्रीझ, म्हणजे जुनी सवय सैल करा, बदल करा, नवी सवय पक्की करा.

पाठ करायला हे तीन शब्द सोपे आहेत. लेविन यांचा एक जुना प्रयोग मात्र मला जास्त कामाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई होती आणि गृहिणींनी गुर्दा, दिल असले अवयव शिजवावेत, असं सरकारला वाटत होतं. काही गटांना त्यावर छान व्याख्यान दिलं, काहींना आपसात बोलून ठरवायला सांगितलं. व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्के बायकांनी ते शिजवून पाहिलं, स्वतः ठरवलेल्यांपैकी 32 टक्क्यांनी. आपल्याकडे नर्सिंगमधले बदल बहुतेक पहिल्या वाटेने आले. जीआर निघाला, परिपत्रक आलं, वाचून सही करा.

मुळात हा पेशा असा नव्हता. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली, तेव्हा प्रशिक्षणाइतकाच त्यांचा आग्रह व्यवस्थेचा होता. नर्सेसवर हुकूम मेट्रनचा, म्हणजे मुख्य परिचारिकेचा चालेल, डॉक्टरचा किंवा कारकुनाचा नाही. मेट्रन हे पद भारतात आलं, पण तो अधिकार तेवढ्या वजनाने आला नाही.

इथे आधीची लढाई वेगळीच होती. घरंदाज बाईने परक्याची शुश्रूषा करावी का, हाच प्रश्न होता. 1891 मध्ये प्रशिक्षणाला आलेल्या काशीबाई गणपत यांचं नाव पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय नर्स म्हणून येतं. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवांना या कामाकडे वळवलं, हा माझ्या मते या इतिहासातला सर्वांत धाडसी बदल, आणि तो कुठल्याही जीआरशिवाय झाला.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या 1946 च्या भोर समितीने मोजलं तेव्हा देशात 43,000 लोकांमागे एक नर्स होती. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. पुढच्या वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. शिक्षण वाढलं, नोंदणी आली, वॉर्डातल्या अधिकाराचं घोडं मात्र अडलेलंच राहिलं.

कुठल्याही सरकारी वॉर्डात परिसेविकेच्या, म्हणजे इन्चार्ज सिस्टरच्या टेबलावर बघा. ड्युटी लिस्ट तिची, औषधांचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र तिचं, वॉर्डातल्या वस्तूंच्या नोंदीच्या डेड स्टॉक रजिस्टरवरची सही तिची. चादर हरवली तर उत्तर तिनेच द्यायचं. पण वॉर्डाला किती सिस्टर मिळणार, हे ठरवणं तिच्या हातात नाही. परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांना एक नर्स असा आहे. नाइटला तो कोणी मोजत बसत नाही. मग ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरकडे रुग्ण सोपवताना, नव्या पद्धतीचा फॉर्म भरायचा हुकूम येतो आणि ‘सिस्टर लोक बदलाला विरोध करतात’ असा शेरा पडतो.

नाशिकमध्येच याची दुसरी बाजू दिसते. देवळालीला लष्करी रुग्णालय आहे. लष्करी परिचर्या सेवेचा पाया 1888 साली घातला गेला आणि 1943 च्या अध्यादेशाने तिथली नर्स कमिशन मिळालेली अधिकारी झाली, खांद्यावर हुद्दा असलेली. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमधली अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, मात्र वर्ग 3 ची कर्मचारी. केंद्राने 2016 मध्ये आपल्या स्टाफ नर्सना नर्सिंग ऑफिसर हे पदनाम दिलं. नाव बदललं की अधिकारही मिळतो, असं नाही.

2022 च्या मे महिन्यात राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा मुख्य मुद्दा कंत्राटी भरतीला विरोधाचा होता. वर्षभराने टिकेल की नाही, हे माहीत नसलेल्या माणसाला सांगून कोणती नवी पद्धत रुजणार?

2023 मध्ये संसदेने 1947 च्या परिषदेच्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. आयोगाचं अध्यक्षपद याच पेशातल्या अनुभवी व्यक्तीकडे जाणार, राज्यांनीही आपापले आयोग नेमायचे आहेत. पण या कायद्याचा भर शिक्षण, दर्जा आणि नोंदणीवर आहे. वॉर्डाला माणसं किती द्यायची, हा प्रश्न आधीसारखाच राज्य सरकारच्या पदमंजुरीकडे राहिला आहे.