द्राक्षबागेवरचं प्लॅस्टिक आणि गंधकाची फवारणी

‘जगातल्या अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांत’ आपल्याकडच्या प्राध्यापकांची नावं आली की दरवर्षी बातम्या छापून येतात. स्टॅनफर्डचं नाव असलं तरी हा त्या विद्यापीठाचा पुरस्कार नव्हे. तिथले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि सहकाऱ्यांनी स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीतल्या नोंदींवरून, म्हणजे कुणाच्या निबंधांचा इतरांनी किती वेळा हवाला दिला यावरून, लावलेली ती क्रमवारी आहे. हवाले मोजण्यात गैर काही नाही. पण काही शोध इतके मुरतात की ते पाठ्यपुस्तकात जातात आणि मूळ निबंधाचा हवाला द्यायचं कुणाला सुचतही नाही. बोलंड आणि जी या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये मांडलेलं ऑक्सिडीकरणाचं चक्र तसंच आहे. रबर हवेत का बिघडतं, या प्रश्नातून ते काम झालं. आज निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांवर ताणलेलं प्लॅस्टिक त्याच चक्राने फाटतं.

‘उन्हाने प्लॅस्टिक वाळतं’ असं आपण म्हणतो, पण पॉलिथिनमध्ये वाळायला पाणीच नसतं. ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत मोलमागे सुमारे ४०० किलोजूल ऊर्जा असते, आणि कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३५० पुरतात. तरीही शुद्ध पॉलिथिन हे किरण जवळजवळ शोषतच नाही. शोषतात ते फिल्म तयार होताना उष्णतेने पॉलिथिनच्या लांब रेणूसाखळीवर आलेले कार्बोनिल आणि हायड्रोपेरॉक्साइड हे ऑक्सिजन असलेले गट. त्यातून मुक्त मूलक तयार होतं, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरलेला तुकडा. तो ऑक्सिजन पकडून पेरॉक्सी मूलक होतो, शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो, स्वतः हायड्रोपेरॉक्साइड बनतो आणि शेजारी नवं मूलक सोडतो. पुढे उन्हात हे हायड्रोपेरॉक्साइड फुटलं की एकाची दोन मूलकं होतात. म्हणूनच फिल्म बराच काळ धडधाकट दिसते आणि मग थोड्याच दिवसांत चिंध्या होते.

हे थांबवायला फिल्ममध्ये हिंडर्ड अमाइन, म्हणजे ‘हॅल्स’, हा स्थिरक मिसळतात. ऑक्सिडीकरणाने त्या अमाइनचं नायट्रॉक्सिल होतं. नायट्रॉक्सिल साखळीवरचं कार्बन मूलक पकडतं आणि अमिनो-ईथर बनतं. अमिनो-ईथर पेरॉक्सी मूलकाशी भिडलं की नायट्रॉक्सिल पुन्हा मोकळं होतं. एकच रेणू अनेकदा कामाला येतो, म्हणून टक्क्याच्या अंशाएवढं मिश्रणही पुरतं. रशियन रसायनशास्त्रज्ञ देनिसोव यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे चक्र पॉलिमरशास्त्रातल्या सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक आहे.

मात्र अमाइन अल्कधर्मी असतं, आणि आपल्याकडचा घोळ इथेच आहे. आच्छादनामुळे पानं कोरडी राहतात, डाऊनी (केवडा) रोग कमी होतो. पण भुरी या बुरशीरोगाला ओलं पान लागत नाही, त्यामुळे गंधकाची फवारणी सुटत नाही. ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम घेऊन ब्लोअर फिरवला की तुषार फिल्मच्या आतल्या बाजूवर बसतात. ऊन, ऑक्सिजन आणि दमटपणात त्या गंधकापासून आम्ल बनतं, आम्ल अमाइनचं क्षार करतं, आणि क्षार झालेल्या अमाइनचं नायट्रॉक्सिल होत नाही. चक्र सुरूच होत नाही. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातलं तांबंही हायड्रोपेरॉक्साइड फोडायला मदत करतं. तक्रार केल्यावर ‘माल चांगला होता’ असं विक्रेता म्हणतो, ते खरंही असू शकतं. फिल्मवर ‘नॅनो’ छापलेलं असल्याने यातलं काहीच टळत नाही.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी लेखी मागा: स्थिरक कमी अल्कधर्मी, अमिनो-ईथर जातीचा आहे का, आणि फिल्ममध्ये गंधक किती पीपीएम (दशलक्ष भागांत किती भाग) साठेपर्यंत हमी लागू राहते. फवारताना नोझल घडांकडे ठेवा, फिल्मकडे नको. फिल्म टेकते तिथे गॅल्वनाइज्ड पाइप उन्हात चांगलाच तापतो, आणि फिल्म बहुधा आधी तिथेच फाटते. तेवढ्या भागावरच्या फिल्मला बाहेरून पांढरा रंग द्या.

नव्या रोलची एक पट्टी कापून अंधारात ठेवा. दर हंगामाअखेर बागेवरच्या फिल्मच्या कडेची तेवढ्याच रुंदीची, त्याच दिशेत कापलेली पट्टी घ्या. दोन्हींवर १० सेंटीमीटरच्या खुणा करून तुटेपर्यंत सावकाश ओढा. नवी ५० सेंटीमीटरपर्यंत गेली, म्हणजे ४० ने वाढली, आणि जुनी ३० वरच तुटली, म्हणजे २० नेच वाढली, तर फिल्मची ताणली जाण्याची क्षमता निम्म्यावर आली. प्रयोगशाळेतही फिल्मचं आयुष्य संपलं असं तिथेच धरतात. अशी फिल्म पुढच्या गोडी छाटणीनंतर पुन्हा चढवू नका.