सनद (वकिलीची)

वकिली करण्याचा अधिकार देणारे नोंदणीपत्र. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २२ नुसार ते राज्य बार कौन्सिल (वकिलांची नोंदणी व शिस्त पाहणारी संस्था) देते. कायद्यात ते नोंदणी प्रमाणपत्र असले तरी नाशिकच्या कोर्टाच्या आवारात ‘सनद’ हाच शब्द चालतो. बार असोसिएशनचे सभासदत्व किंवा अशिलाने दिलेले वकीलपत्र यांहून ती वेगळी.

‘सनद’ मूळ अरबी. अर्थ आधार, टेकू, त्यावरून लेखी पुरावा. पेशवाईच्या कागदांत हा शब्द मुख्यतः इनाम, वतन व नेमणुकीच्या पत्रांसाठी येतो. तेथून तो वकिलीकडे वळण्याचे दोन मार्ग संभवतात : जुन्या दप्तरी वापरातून थेट, किंवा ईस्ट इंडिया कंपनीच्या अदालतींमार्फत. बंगालच्या १७९३ च्या सातव्या रेग्युलेशनने वकिलांना सनदा देण्याची पद्धत घातली. मुंबई इलाख्यात १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनने वकिलांचे नियमन केले. दुसरा मार्ग अधिक ग्राह्य वाटतो. पेशवाईत वादी-प्रतिवादी बहुधा स्वतःच बाजू मांडत आणि ‘वकील’ म्हणजे प्रायः दरबारातील प्रतिनिधी. परवाना देण्याजोगा व्यावसायिक वर्गच नव्हता. नाशिक १८१८ मध्ये कंपनीकडे गेले, तेव्हा हा अर्थ येथे त्यानंतरच रुजला असावा. ‘सनदी लेखापाल’ (चार्टर्ड अकाउंटंट) ही घडण आणखी अलीकडची.

पात्रता आणि सनद यांतील अंतर दाखवणारी दोन ठळक उदाहरणे याच जिल्ह्यात जन्मलेल्यांची आहेत. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची बीसीएल ही कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ मध्ये झाला. भगूरच्या वि. दा. सावरकरांना १९०९ मध्ये लंडनच्या ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेने बॅरिस्टरी नाकारली. कारण राजकीय होते.

सध्या एलएल.बी. (तीन किंवा पाच वर्षांची) झाल्यावर महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे अर्ज करावा लागतो. कलम २४ नुसार नोंदणी शुल्क ७५० रुपये (राज्य कौन्सिल ६००, अखिल भारतीय कौन्सिल १५०), अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. मुद्रांक शुल्क वेगळे. याहून जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी ठरवले. अर्ज अडतो तो बहुधा नावापाशी : दहावीच्या दाखल्यावर माहेरचे नाव, पदवीवर सासरचे. अशा वेळी विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातील नावबदल जोडलेला बरा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असल्यास सुटकेनंतर दोन वर्षे नोंदणी होत नाही.

२००९-१० व त्यानंतरच्या पदवीधरांना शिवाय अखिल भारतीय बार परीक्षा द्यावी लागते. प्रश्न १००, सर्व वस्तुनिष्ठ. उत्तीर्णतेस ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. टिपा नसलेली कायद्याची मूळ पुस्तके सोबत नेता येतात. टीपयुक्त आवृत्ती चालत नाही.

पूर्णवेळ पगारी नोकरी धरल्यास कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. हे न कळवणे गैरवर्तन ठरू शकते. शिस्तभंगात कलम ३५ नुसार ताकीद, निलंबन किंवा नाव काढून टाकणे. सनदेवाचून वकिली केल्यास कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. नोटरीची नेमणूक १९५२ च्या स्वतंत्र कायद्याने होते.