मेलेल्याचा हात

पोकरच्या खेळात दोन काळे एक्के आणि दोन काळ्या अठ्ठ्या, म्हणजे इस्पिक व किलवर या दोन्ही रंगांतल्या, एकाच खेळाडूकडे आल्या की त्या पानांना ‘डेड मॅन्स हँड’ म्हणतात. इथे ‘हात’ म्हणजे मेंढीकोटात आपण करतो ते हात नव्हेत; खेळाडूने हातात धरलेली पाच पाने, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेच्या जुन्या पश्चिम सरहद्दीवरचा बंदूकबाज ‘वाइल्ड बिल’ हिकॉक (जन्म १८३७) मारला गेला तेव्हा त्याच्याकडे हीच पाने होती, अशी समजूत आहे.

खून मात्र खराच. २ ऑगस्ट १८७६ रोजी डेडवुड या खाणवस्तीतल्या ‘नटल अँड मान’ यांच्या दारूगुत्त्यात हिकॉक खेळायला बसला. पाठ भिंतीकडे ठेवून बसायची त्याची सवय. त्या दिवशी ती जागा चार्ली रिचने अडवली होती. हिकॉकने जागा बदलून मागितली, रिचने ती हसण्यावारी नेली. शेवटी हिकॉक दाराकडे पाठ करून बसला आणि जॅक मॅकॉलने मागून येऊन त्याच्या डोक्यात गोळी घातली. तीच गोळी हिकॉकच्या गालातून बाहेर पडून समोर बसलेल्या कॅप्टन मॅसीच्या मनगटात रुतली, आणि मॅसीने ती जन्मभर तिथेच वागवली, असे सांगतात.

दुसऱ्याच दिवशी खाणकामगारांनी पंच नेमून खटला चालवला. हिकॉकने आपल्या भावाला मारले होते, असे मॅकॉलने सांगितले आणि तो चक्क सुटला. पुढे त्याला पुन्हा पकडून डकोटा प्रदेशाची राजधानी यँक्टन इथे उभे केले, तेव्हा एका गुन्ह्यासाठी दोनदा खटला कसा, असा प्रश्न आला. त्याचे उत्तर डेडवुडच्या जमिनीत होते. डेडवुड ज्या ब्लॅक हिल्समध्ये आहे, तो डोंगराळ मुलूख १८६८च्या फोर्ट लॅरमी तहाने तिथल्या मूळ रहिवासी लाकोटा लोकांकडे राहिला होता. १८७४मध्ये कस्टर या लष्करी अधिकाऱ्याच्या मोहिमेला तिथे सोने सापडले आणि गोरे लोक तहाला न जुमानता घुसले. मुळात वस्तीच बेकायदा, मग तिथले पंच कायदेशीर कसे? मॅकॉलला १ मार्च १८७७ रोजी फाशी दिली. एका खुन्यापुरता हा तह सरकारला बरोबर आठवला, असेच म्हणावे लागते; त्याच सुमारास त्याच सरकारने ब्लॅक हिल्स लाकोटांकडून काढून घेतले. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल दहा कोटी डॉलरच्या वर भरपाई मान्य केली. पैसे नकोत, डोंगर द्या, म्हणून लाकोटांनी ती घेतलेली नाही.

पानांची गोष्ट या सगळ्याच्या मानाने फार कच्ची आहे. एक्के आणि अठ्ठ्या ठळकपणे पुढे आल्या त्या फ्रँक विल्स्टाक याने १९२६मध्ये लिहिलेल्या हिकॉकच्या चरित्रातून, म्हणजे खुनानंतर पन्नास वर्षांनी. बरे, ‘मेलेल्याचा हात’ हे नावही हिकॉकसाठी घडलेले नाही. १८८६च्या सुमारास ते तीन गुलाम आणि दोन दश्श्या या पानांना लावलेले आढळते, आणि त्यामागे सांगितली जाणारी दंतकथा इलिनॉयमधली आहे, डेडवुडची नाहीच.

हिकॉकला १८७९मध्ये माउंट मोरिया दफनभूमीत हलवले. १९०३मध्ये कॅलॅमिटी जेन ही त्याच सरहद्दीवरची नामांकित बाई वारली, तिला त्याच्या शेजारी पुरले. दोघांच्या प्रेमाच्या कथा तिथूनच फोफावल्या. प्रत्यक्षात मरणाआधी काही महिने हिकॉकने ॲग्नेस लेक या सर्कसवाल्या बाईशी लग्न केले होते.

मूळ गुत्ता १८७९च्या आगीत गावाबरोबर जळाला. १९८९पासून डेडवुडमध्ये जुगाराला पुन्हा कायदेशीर परवानगी आहे. राहता राहिले पाचवे पान. कोणी चौकटचा गुलाम सांगतो, कोणी राणी, कोणी नव्वी. आणि हिकॉकने एक पान टाकले होते, बदली पान घ्यायचे राहिलेच, असे म्हणणारेही आहेत.